फरशी निवडण्याआधी पाण्याची वाट शोधा

घर बांधायला काढले की पहिली चर्चा छपराची होते, मग भिंतींची, मग दारे-खिडक्यांची. जमिनीचा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि तोही दुकानात उभे राहून, कोणता रंग उठून दिसेल एवढ्यापुरता. तोवर हातातले पैसे संपत आलेले असतात. उरलेल्या पैशांत जी चकचकीत टाइल बसते ती घेतली जाते. दोन पावसाळे गेले की ती टाइल पोकळ वाजू लागते, सांधे काळे पडतात आणि भिंतीच्या बुडाशी पांढरा खार फुटतो.

आरोग्याच्या पानावर फरशीची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. आम्ही आधी रुग्णालयाच्या वॉर्डात काम केले, नंतर वस्त्यांत फिरू लागलो. वॉर्डात रोगी दिसतो, वस्तीत त्याचे घर दिसते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी छातीत घरघर घेऊन दवाखान्यात येणारे मूल ज्या गोधडीवर झोपते ती गोधडी खालून सादळलेली असते, ही गोष्ट केसपेपरवर कुणी लिहीत नाही. मोरीच्या तोंडाशी घसरून खुबा मोडलेल्या आजीच्या कागदावर ‘पडून इजा’ एवढेच असते. ती कशावरून घसरली ते नसते.

एका खोलीच्या घरात फरशी हाच बिछाना असतो. तिथेच परात ठेवून पीठ मळले जाते, तिथेच रांगणारे बाळ हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते, तिथेच दहावीचा अभ्यास होतो आणि आजारी माणूसही तिथेच पडून असतो. म्हणून फरशीवरचा खर्च हा आरोग्यावरचा खर्च आहे. तो कुठे आणि कोणत्या क्रमाने करावा, याविषयी गवंडीकाम करणाऱ्या बांधवांकडून आणि वस्तीतल्या भगिनींकडून आम्ही जे शिकलो ते इथे मांडत आहोत. सांगणे एकच आहे: आधी पाण्याची वाट ओळखा, त्या वाटेवर पैसे घाला आणि चकाकीचा विचार त्यानंतर करा.

पाणी चार वाटांनी येते

पहिली वाट खालची. दिव्याच्या वातीत तेल वर चढते तसे मातीतले पाणी मातीच्या, विटेच्या आणि सिमेंटच्या बारीक छिद्रांतून वर चढते. बाहेर ऊन पडले तरी ही ओल लगेच जात नाही. येताना ती जमिनीतले क्षार घेऊन येते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि त्यांनीच भिंतीचे पोपडे पडतात.

दुसरी वाट हवेची. कोकणात आणि मुंबईत जुलै महिन्यात फरशीला अक्षरशः घाम फुटतो. हवा ओलाव्याने भरलेली असते आणि फरशी थंड असते, म्हणून हवेतले पाणी तिच्यावर थेंबांच्या रूपाने जमते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तोच हा प्रकार.

तिसरी वाट घरातली. मोरी, न्हाणी, पाण्याचे पिंप, कपडे धुण्याची जागा, गळका नळ. चाळीत आणि इमारतीत वरच्या घरातली न्हाणीही यातच धरावी.

चौथी वाट बाहेरची. अंगणातून, गटारातून, नाल्यातून किंवा नदीतून पाणी उंबरठा ओलांडून आत येते. शहरातल्या वस्त्यांत याचे एक कारण सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडतो, रस्ता वर येतो आणि बांधताना रस्त्याच्या वर असलेले घर हळूहळू त्याच्या खाली जाते.

एकाच घरात दोन-तीन वाटाही असतात. पण प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. एकीचा उपाय दुसरीवर केला तर पैसे जातात आणि ओल राहते.

प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा

पहिल्या दोन वाटा ओळखण्याची सोपी परीक्षा आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा साधारण दीड फूट लांब, दीड फूट रुंद तुकडा घ्या. जमीन कोरड्या फडक्याने पुसून घ्या. ऊन येणार नाही आणि पाय पडणार नाही अशा जागी तुकडा अंथरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. टाइल असेल तर सांधा प्लास्टिकखाली येईल असे पाहा, कारण ओल सांध्यातून वर येते. एक दिवस आणि एक रात्र तसेच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून येते. खालची बाजू कोरडी आणि वरची बाजू ओली असेल, तर ओल हवेतली आहे. ही परीक्षा पावसाळ्यात करावी. मे महिन्यात जवळजवळ प्रत्येक घर उत्तीर्ण होते.

ओल हवेतली निघाली तर फरशी फोडू नका. कोरड्या फडक्याने पुसणे, ओले कपडे घरात न वाळवणे, स्वयंपाकाची वाफ बाहेर जाईल अशी झडप किंवा छोटा पंखा बसवणे आणि अंथरूण जमिनीपासून हातभर वर, खाटेवर किंवा फळीवर घालणे, हे उपाय पुरतात. कपाट आणि ट्रंक भिंतीपासून चार बोटे दूर ठेवली तर मागे हवा खेळते आणि बुरशी कमी धरते.

ओल ही नुसती गैरसोय नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दम्याचा त्रास अधिक होतो, हे त्यात स्पष्ट नोंदवले आहे. कुबट वास येणारी खोली हे आजाराचे कारण असू शकते. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

मातीची जमीन आणि एक धडा

खेड्यापाड्यांत अजून बरीच घरे शेणामातीने सारवलेल्या जमिनीची आहेत. सारवणात आपल्या आयाबायांचे कष्ट आहेत. उन्हाळ्यात ती जमीन पायाला गार लागते, हेही खरे. पण ती पाण्याने धुता येत नाही, निर्जंतुक करता येत नाही आणि खालची ओल अडवू शकत नाही. लहान मुलाच्या विष्ठेतून किंवा बाहेरून पायांना लागून आलेली जंतांची अंडी मातीत टिकून राहतात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरते आणि आतड्यात राहून रक्त शोषते. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतूही असतात. म्हणून बाळंतीण आणि नवजात बाळ यांचे अंथरूण अशा जमिनीवर थेट घालू नये, आणि उघडी जखम तिला लागू देऊ नये.

याबाबत मेक्सिकोतला एक अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथल्या कोआवीला राज्यात २००० साली ‘पिसो फिर्मे’, म्हणजे पक्की जमीन, हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. मातीची जमीन असलेल्या गरीब घरांत ५० चौरस मीटरपर्यंत काँक्रीटची जमीन करून देण्यात आली. शेजारच्या राज्यातल्या तशाच वस्त्यांशी तुलना करून संशोधकांनी २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरातली सगळी मातीची जमीन काँक्रीटची झाली तर लहान मुलांतला जंतांचा प्रादुर्भाव ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटतो, असा त्यांचा हिशेब निघाला. आयांचा मानसिक ताणही कमी झालेला दिसला.

या घरांत टाइल बसवल्या नव्हत्या, ग्रॅनाइट नव्हते. साधे काँक्रीट होते. म्हणजे आरोग्यासाठी पहिली पायरी साधा, नीट केलेला कोबा हीच आहे. टाइलला पैसे नाहीत म्हणून जमीन मातीचीच ठेवणारी कुटुंबे आम्ही पाहतो. त्यांना आम्ही आग्रहाने सांगतो: टाइलची वाट पाहू नका, कोबा करून घ्या.

पैसे आधी फरशीच्या खाली घाला

खालची ओल अडवायची जागा फरशीच्या खाली आहे. वरून कितीही महाग टाइल लावली तरी जोते कच्चे असेल तर ओल सांध्यांतून आणि भिंतीतून वाट काढतेच. नवे घर बांधताना पुढचा क्रम गवंड्याशी बोलून घ्या.

जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट उंच असावे. राष्ट्रीय इमारत संहितेतही ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फुटाचाच आकडा आहे. जिथे पाणी तुंबते तिथे जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आले होते. जोते त्या खुणेच्या वर न्या.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट केलेली जमीन तडकणारच. जोत्यातली काळी माती जमेल तेवढी काढून मुरूम भरावा. मुरूम एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांत पसरावा आणि प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकून घ्यावा.

त्यावर दगडांचे सोलिंग, सहा ते नऊ इंच. दगडांमध्ये मोठ्या फटी असल्याने पाण्याला वर चढायला बारीक छिद्रांची सलग वाट मिळत नाही. सोलिंग म्हणजे केवळ भराव समजून त्यात माती आणि राडारोडा टाकला तर त्याचा हा गुण जातो.

सोलिंगवर खडीची कच पसरून सपाटी करावी आणि तिच्यावर २५० मायक्रॉनचे, म्हणजे १००० गेजचे प्लास्टिक अंथरावे. दोन तुकडे एकमेकांवर अर्धा फूट यावेत आणि कडा भिंतीला थोड्या वर चढवाव्यात. पूर्ण घराच्या खर्चात हे प्लास्टिक अगदी थोडक्यात बसते, आणि नंतर ते घालता येत नाही. त्यावर चार इंचांचे काँक्रीट. भिंतीतून ओल चढू नये म्हणून जोत्याच्या पातळीवर भिंतीखाली डीपीसीचा थर हवाच.

शेवटी दीड ते दोन इंचांचा कोबा. मोठ्या खोलीत तो एकसंध न घालता चौकोनांत घातला की भेगा कमी पडतात. त्यानंतर किमान सात दिवस, जमल्यास दहा दिवस, ओली पोती अंथरून पाणी मारावे. पाणी वाचवायचे म्हणून दोन दिवसांत राहायला जाणाऱ्यांच्या कोब्याची पुढे वर्षानुवर्षे धूळ उडते. ती धूळ घरातली माणसेच श्वासात घेतात.

घर जुने असेल तर? आधी बाहेर पाहा. भिंतीला लागून साचलेली माती खणून खाली घ्या. घराभोवती दोन-अडीच फूट रुंदीचा सिमेंटचा पट्टा बाहेर उतार देऊन करा. पागोळ्यांचे पाणी पन्हळीने लांब सोडा. एवढ्यानेही बऱ्याच घरांची ओल उतरते. नाही उतरली तर एकेक खोली उकरून प्लास्टिक घालून नवी जमीन करावी. सुरुवात जिथे माणसे झोपतात त्या खोलीपासून करावी.

वर काय बसवावे

खालचे काम नीट झाले की मग वरचा विचार. ओलीच्या दृष्टीने प्रत्येक प्रकाराचा गुण आणि दोष असा आहे.

कोबा स्वस्त, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपा. पुराचे पाणी आले तरी धुऊन पुन्हा वापरता येतो. डाग पडतात, आणि फार घोटून गुळगुळीत केला तर ओला असताना घसरतो.

शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादची, कोटा राजस्थानातला, कडप्पा आंध्रातला. हे तिन्ही चुनखडीचे दगड. पॉलिश न केलेली शहाबादी खरखरीत असल्याने ओसरी, मोरी आणि अंगणात पाय धरून ठेवते. यांना अॅसिड चालत नाही. न्हाणी साफ करायचे अॅसिड ओतले की दगड खाल्ला जातो आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात, त्यांत घाण बसते. संगमरवरालाही हेच लागू.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही; तिचे शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. भिंतीसाठीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषते. स्वस्त मिळते म्हणून ती जमिनीवर बसवू नका. दुकानात टाइल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब तसेच राहिले तर ठीक, लगेच जिरले तर ती टाइल ओल्या जागेची नाही. मात्र टाइलने पाणी शोषले नाही तरी सिमेंटचे सांधे शोषतात. मोठी टाइल म्हणजे कमी सांधे, हे लक्षात ठेवा. आणि टाइलखाली मसाला पूर्ण भरलेला हवा. काम झाल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने वाजवून पाहा. पोकळ वाजली तर पैसे देण्याआधी बदलून घ्या, कारण त्याच पोकळीत पाणी साचते.

बाजारात मिळणारी प्लास्टिकची गुंडाळी, म्हणजे विनाइल शीट, फार लोकप्रिय आहे. स्वस्त, रंगीत आणि एका दिवसात अंथरून होते. कोरड्या जमिनीवर तिला आमची हरकत नाही. पण ओल्या कोब्यावर ती अंथरली की खालची ओल अडकते, उडून जाऊ शकत नाही आणि शीटच्या पोटाखाली काळी बुरशी वाढते. वरून फरशी स्वच्छ दिसते आणि मूल खोकत राहते. तुमच्या घरात अशी शीट असेल तर आजच एक कोपरा उचलून बघा.

लाकडासारखे दिसणारे लॅमिनेट आतून लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या पाट्यांचे असते. पाणी लागले की फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. तळमजल्याच्या आणि पाणी शिरणाऱ्या घरात ते नकोच.

मोरी आणि न्हाणी

घरातले पाणी बहुधा इथून पसरते. जमिनीचा उतार जाळीकडे हवा, चार फुटांना साधारण अर्धा इंच. काम चालू असताना बादलीभर पाणी ओतून बघा. ते दोन मिनिटांत जाळीपर्यंत गेले पाहिजे. न्हाणीची जमीन खोलीपेक्षा इंच-दोन इंच खाली घ्यावी किंवा मधे उंबरा करावा.

वरच्या मजल्यावर न्हाणी असेल तर टाइल बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगची परीक्षा घ्या. जाळी बंद करून एक-दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते पाहा. शेजाऱ्यांशी होणारी निम्मी भांडणे या परीक्षेने टळतील.

ओल्या जागी सतत उभे राहणाऱ्या बायकांच्या पायाच्या बोटांत चिखल्या होतात. मधुमेह असलेल्यांना त्या भेगेतून मोठी जखम होऊ शकते. भांडी घासायची जागा उंच ओट्यावर घेणे हा फरशीइतकाच महत्त्वाचा उपाय आहे.

पुराच्या पट्ट्यातली घरे

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली, २०२१ च्या जुलैमध्ये महाड-चिपळूण बुडाले. नदी-नाल्याकाठच्या सखल जागी कुणाची घरे असतात हे वाचकांना सांगायला नको. अशा घरांत फरशी निवडताना एकच कसोटी लावा: गढूळ पाणी दोन दिवस उभे राहिले तर ही फरशी धुऊन पुन्हा वापरता येईल का?

या कसोटीला कोबा, शहाबादी, कोटा आणि पूर्ण मसाल्यात बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल उतरतात. विनाइल, लॅमिनेट, गालिचे उतरत नाहीत. टाइल भिंतीवरही तीन-चार फूट नेली तर नंतर धुणे सोपे जाते. स्वयंपाकाचा ओटा, धान्याची कोठी आणि कागदपत्रांची पेटी पूररेषेच्या खुणेवर ठेवावी. विजेची बटणे आणि मीटरही तेवढ्याच उंचीवर घ्यावेत.

पाणी ओसरल्यावर सफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. मुख्य बटण बंद असल्याची खात्री करूनच आत जावे. पायात गमबूट, हातांत रबरी मोजे घालावेत. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते आणि त्यातून कातडीवरच्या चिरांवाटे लेप्टोस्पायरोसिस होतो. पाण्यात चाललेल्यांनी, विशेषतः पायाला जखम असलेल्यांनी, २४ ते ७२ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारावे. ताप आला तर थांबू नये.

आधी चिखल पूर्ण काढावा आणि साबणाच्या पाण्याने जमीन घासावी. चिखलावर ब्लीचिंग पावडर टाकली तर ती चिखलातच वाया जाते. नंतर १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून ते पाणी जमिनीवर आणि भिंतीच्या बुडाशी टाकावे, अर्धा तास राहू द्यावे आणि स्वच्छ पाण्याने धुवावे. दारे-खिडक्या उघड्या असाव्यात, मुले बाहेर असावीत. ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा न्हाणी साफ करायचे द्रव कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

लगेच नवी टाइल किंवा शीट टाकण्याची घाई करू नका. भिजलेले जोते वाळायला आठवडे लागतात. प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा पुन्हा करा, कोरडी आली की मगच पुढचे काम काढा.

चकाकी आणि खुबा

घोटून काढलेली चकचकीत टाइल ओली झाली की ओला पाय तिच्यावर ठरत नाही. म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली असतात. खुब्याचे हाड मोडलेला माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो, पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि त्याची शुश्रूषा करण्यासाठी घरातल्या सुनेची किंवा मुलीची मजुरी बुडते. आम्ही वॉर्डात अशी माणसे उचलून कूस बदलवली आहेत.

म्हणून न्हाणी, मोरी, ओसरी आणि पायऱ्या इथे मॅट किंवा अँटी-स्किड टाइल, नाहीतर खरखरीत शहाबादी घ्या. दुकानात टाइल ओली करून तिच्यावर ओला अनवाणी पाय घासून बघा. दुकानदार हसला तरी चालेल. आधीच चकचकीत टाइल बसलेली असेल तर न्हाणीच्या दाराशी रबरी चटई आणि भिंतीला घट्ट बसवलेला धरायचा दांडा, एवढे तरी करा. दाराशी जुने फडके टाकू नका; त्यात पाय अडकून पडणे अधिक होते.

फरशी घालणारे हात

आपल्यातले अनेक बांधव गवंडी आहेत, फरशीकाम करतात. भगिनी बिगारी म्हणून घमेली वाहतात. ओले सिमेंट कातडी भाजते. मसाल्यात अनवाणी उभे राहिल्याने पायांना पडणाऱ्या भेगा आणि जखमा हा ‘कामाचा भाग’ समजला जातो. तो तसा समजू नये. गमबूट आणि मोजे वापरावेत, सिमेंट लागले की लगेच भरपूर पाण्याने धुवावे.

त्याहून मोठा धोका टाइल आणि दगड कापताना उडणाऱ्या धुळीचा. ग्राइंडरने कोरडी टाइल कापली की सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत खोलवर जाते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारा इलाज नाही, आणि अशा माणसाला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो. उपाय साधा आहे: पात्यावर पाणी सोडून कापावे, उघड्यावर कापावे, तोंडाला रुमालाऐवजी चांगला एन-९५ मास्क लावावा. तुमच्या घरी काम चालू असेल तर पाण्याची बाटली आणि मास्क तुम्ही द्या, आणि कोरडे कापू देऊ नका. धूळ घरातही बसते.

हप्त्याआधी हे विचारा

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी असलेल्या रमाई आवास योजनेतून किंवा प्रधानमंत्री आवास योजनेतून घर बांधणाऱ्यांना पैसे बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांत मिळतात. जोत्याचा टप्पा गवंड्यावर सोपवून देऊ नका. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी घरातले एक माणूस तिथे उभे असावे, आणि शक्यतो ते बाईमाणूस असावे, कारण जमिनीशी सर्वाधिक संबंध तिचा येणार आहे. गवंड्याला आणि अभियंत्याला हे सहा प्रश्न विचारा.

जोते रस्त्यापासून किती उंच आहे? भरावातली काळी माती काढली का? सोलिंग दगडाचेच आहे का? प्लास्टिक कधी अंथरणार? डीपीसी कुठे घालणार? कोब्यावर किती दिवस पाणी मारणार?

जोत्याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, कारण कोबा झाल्यावर खालचे काही दिसत नाही. पैसे कमी पडले तर टाइल पुढच्या वर्षी लावता येते, रंग त्याच्या पुढच्या वर्षी. सोलिंग आणि प्लास्टिक पुढच्या वर्षी घालता येत नाही.

ज्यांची घरे आधीच उभी आहेत त्या भगिनींना आमची विनंती आहे. या पावसाळ्यात महिला मंडळाच्या बैठकीत जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी एकत्र विकत घ्या, प्रत्येक घरात ही परीक्षा करा आणि कोणत्या घरात ओल खालून येते, कुठे बाहेरून, हे एका वहीत लिहून काढा. शेजारी त्या घरात दमेकरी, लहान मूल किंवा वृद्ध आहे का तेही लिहा. ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे गटार, रस्त्याची उंची आणि घरदुरुस्ती यांबाबत जाताना ही वही सोबत न्या. तोंडी तक्रारीला कुणीही ‘बघू’ म्हणते. घराघराची नोंद असलेली वही समोर ठेवली आणि अर्जाची पोच मागितली की उत्तर द्यावे लागते.